शल्यकर्म करणाऱ्या वैद्याचे आसन व शरीररक्षण

प्रस्तावना

रुग्णाची स्थिती, यंत्रशस्त्रांची सिद्धता, व्रणोपचार आणि पथ्यापथ्य यांवर आपल्या व्यवसायातील नियतकालिकांतून विपुल लेखन होत असते. कर्म करणारा वैद्य स्वतः कसा बसतो, किती वाकतो, मान किती वेळ खाली ठेवतो, याचा विचार मात्र क्वचितच वाचावयास मिळतो. पलूस परिसरात द्राक्षबागेच्या मांडवाखाली हात वर करून घडांची विरळणी करणाऱ्या मजुरांचा अवबाहुक व ऊसतोड कामगारांचा कटिग्रह आपण नित्य पाहतो. त्यांच्या व्याधीचा हेतू त्यांच्या कामात आहे हे आपण एका प्रश्नात ओळखतो. तोच प्रश्न वैद्याने स्वतःला विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

काम व उपकरणे माणसाच्या शरीराला अनुरूप करण्याच्या शास्त्रास आज एर्गोनॉमिक्स म्हणतात. मराठीत त्यास 'कार्यानुकूलता' म्हणता येईल. हे शास्त्र कारखान्यांत व कार्यालयांत रुजले. शस्त्रकर्मगृहात ते उशिरा पोहोचले. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २१ अभ्यासांतील ५,८२८ शल्यविद व तत्सम कर्म करणाऱ्या चिकित्सकांची माहिती एकत्रित केली होती. त्यानुसार ग्रीवेतील मणक्यांची झीज सुमारे १७ टक्के, खांद्याच्या स्नायूंचे विकार १८ टक्के व कटिप्रदेशातील मणक्यांची झीज १९ टक्के चिकित्सकांत आढळली. सुमारे १२ टक्के जणांना या विकारांपायी रजा घ्यावी लागली, कामात बदल करावा लागला अथवा लवकर निवृत्त व्हावे लागले.

आपल्या क्षेत्रात हा विषय आता अधिक निकडीचा झाला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने पदव्युत्तर शल्य व शालाक्य शिक्षणासाठी अनुक्रमे ३९ व १९ अशा एकूण ५८ कर्मांची स्पष्ट नोंद केली. त्या नियमांच्या निमित्ताने पुष्कळ वाद झाले. त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आपले तरुण सहकारी यापुढे टेबलाजवळ अधिक वेळ घालवणार आहेत, आणि त्यांची पाठ व मान अजून निरोगी आहे, एवढी गोष्ट आमच्या विषयास पुरेशी आहे.

शास्त्रातील आधार

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात शल्यवैद्याचे गुण सांगितले आहेत. शौर्य, आशुक्रिया, शस्त्राची तीक्ष्णता व असंमोह यांबरोबर घाम न येणे व हात न कापणे हाही गुण तेथे येतो. हा शेवटचा गुण आपण बहुधा धैर्य व अभ्यास यांचे फळ समजतो, आणि ते योग्यच आहे. तथापि कंपाचे दुसरे कारण निव्वळ शारीरिक आहे. खांदा उचललेला, कोपर निराधार आणि पाठ वाकलेली अशा स्थितीत दहा मिनिटे सूक्ष्म काम केल्यास अत्यंत धीराच्या वैद्याचाही हात थरथरतो. तेव्हा अवेपथु हस्त हवा असेल तर त्याची तयारी कर्मापूर्वी, आसनापासूनच केली पाहिजे.

यंत्रविधीच्या अध्यायात १०१ यंत्रांमध्ये हातालाच प्रधान यंत्र म्हटले आहे. त्याच अध्यायात यंत्रांचे बारा दोष सांगितले असून त्यांत अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, शिथिल, अग्राही हे दोष येतात. शस्त्रांच्या गुणांत तर 'सुग्रह', म्हणजे धरण्यास सुलभ असणे, हा गुण आरंभीच येतो. कोणते शस्त्र कोठे धरावे हेही आचार्य सांगतात. भेदनादी कर्मात वृद्धिपत्र दांडा व पाते यांच्या संधिभागी धरावे. व्रीहिमुखाचा दांडा तळहातात झाकून ते अंगठा व तर्जनी यांनी धरावे. शस्त्राची पकड कर्मानुसार बदलावी, हा विचार येथे स्पष्ट दिसतो. हातासच प्रधान यंत्र मानले, तर हाताला आधार देणारा खांदा, पाठ व बैठक हे त्या यंत्राचेच भाग ठरतात.

अर्शचिकित्सेत दिलेली रुग्णाची स्थिती तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सम फलकावर वा शय्येवर रुग्णास उताणे निजवावे, पूर्वकाय दुसऱ्याच्या मांडीवर टेकवावा, कटी वस्त्र वा कांबळे ठेवून किंचित उंच करावी, गुद सूर्यासमोर आणावे आणि परिकर्मींनी रुग्णास निश्चल धरावे, असे तेथे वर्णन आहे. आधुनिक परिभाषा सुश्रुतांवर लादण्याचा आमचा उद्देश नाही. परंतु कर्मस्थान वर उचलणे, प्रकाश थेट कर्मस्थानी आणणे आणि धरण्याचे काम दुसऱ्याच्या हाती देणे, ही तीनही तत्त्वे आजच्या शस्त्रकर्मगृहातही शिकवावी लागतात.

संप्राप्तिविचार

चरकाचार्यांनी वातप्रकोपाच्या हेतूंत दुःखकारक शय्या व आसन यांचा तसेच वेगधारणाचा उल्लेख केला आहे. मन्यास्तंभाच्या निदानात सुश्रुतांनी दिवास्वाप, आसन व स्थान यांची विकृती आणि ऊर्ध्वनिरीक्षण हे हेतू देऊन कफावृत वात सांगितला आहे. शल्यकर्म करणाऱ्या वैद्याच्या दिवसात हे हेतू एकत्र येतात. विषम आसन आहे, लांबलेल्या कर्मात मूत्रवेग रोखणे आहे, भोजनास विलंब आहे, आणि रात्रीच्या रुग्णामुळे होणारे जागरणही आहे.

आधुनिक शरीरक्रियेच्या भाषेत मुख्य दोष स्थिर आकुंचनाचा आहे. स्नायू आलटून पालटून आकुंचन व शिथिलन पावत असेल तर त्यातून रक्त वाहते राहते. तोच स्नायू एकाच स्थितीत ताणून धरला तर आतील सूक्ष्म वाहिन्या दाबल्या जातात, पोषण घटते व वेदना सुरू होते. म्हणूनच दिवसभर चालणारा शेतकरी जितका थकत नाही तितका एका जागी वाकून राहिलेला वैद्य थकतो.

मस्तकाचे वजन साधारणतः पाच किलो असते. न्यूयॉर्कचे मणकाशल्यविद डॉ. केनेथ हन्सराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रतिमानाद्वारे मान पुढे झुकवल्यावर ग्रीवेवर येणारा भार मांडला. १५ अंशांस तो सुमारे १२ किलो, ३० अंशांस १८, ४५ अंशांस २२ आणि ६० अंशांस २७ किलो येतो. स्वीडनचे नाकेमसन यांच्या मणक्यांतील दाबाच्या मापनात, उभ्या स्थितीतील दाब १०० मानल्यास, पुढे वाकून उभे राहिल्यावर तो १५० व पुढे झुकून बसल्यावर १८५ आढळला होता. पुढील काळातील मापनांत बैठकीचे आकडे बदलले, पण वाकण्याने दाब वाढतो हा निष्कर्ष कायम राहिला.

क्षारसूत्रातील श्रमाचे गणित

ग्रामीण भागातील वैद्याचे सर्वाधिक प्रचलित शल्यकर्म म्हणजे भगंदरातील क्षारसूत्र. १९६०च्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे व सहकाऱ्यांनी त्यास नवे जीवन दिले. स्नुहीक्षीर, अपामार्ग क्षार व हरिद्रा यांचे एकवीस लेप दिलेले सूत्र आज सर्वपरिचित आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात क्षारसूत्राने व्याधी उलटण्याचे प्रमाण ४ टक्के, तर शस्त्रकर्माने ११ टक्के आढळले. रोपणास मात्र शस्त्रकर्मात सुमारे चार आठवडे लागले, तर क्षारसूत्रात आठ.

रुग्णाच्या दृष्टीने हा सौदा लाभाचा आहे. वैद्याच्या पाठीच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. सूत्राने मार्ग छेदला जाण्याचा वेग साधारण आठवड्यास एक सेंटिमीटर धरतात. सहा सेंटिमीटर लांबीच्या मार्गासाठी प्रथम सूत्र घातल्यावर आणखी पाच वेळा तरी सूत्र बदलावे लागते. जुन्या सूत्राच्या टोकास नवे बांधून ओढून घेण्याचे हे कर्म छोटे असल्याने त्यासाठी टेबल नीट लावण्याचा, स्टूल ओढून घेण्याचा कंटाळा केला जातो. समजा, एका दिवशी असे बारा रुग्ण आले आणि प्रत्येकासाठी दहा मिनिटे वाकावे लागले, तर त्या दिवसात दोन तास वाकून काढले जातात. एखाद्या मोठ्या शस्त्रकर्माइतका हा काळ आहे. पण तुकड्यातुकड्यांत विभागल्याने तो हिशेबात येत नाही. म्हणून किरकोळ वाटणाऱ्या कर्मासाठीच आसनाचा नियम अधिक कसोशीने पाळला पाहिजे.

टेबलाची उंची

कार्यानुकूलतेचा मूळ मापदंड कोपर हा आहे. बाहू शरीरालगत सैल सोडून कोपर काटकोनात वाकवावे व जमिनीपासून कोपराची उंची मोजावी. सूक्ष्म कामासाठी कर्मस्थान कोपराच्या पाच ते दहा सेंटिमीटर वर असावे. जेथे जोर द्यावयाचा आहे अशा कामासाठी ते कोपराच्या १५ ते ४० सेंटिमीटर खाली असावे. क्षारसूत्र पहिल्या प्रकारात मोडते, तर अभ्यंग व मर्दन दुसऱ्या.

अनेक चिकित्सालयांत एकच ठरावीक उंचीचे टेबल दोन्ही कामांस वापरले जाते. याचा परिणाम उदाहरणाने पाहू. टेबल ८० सेंटिमीटर उंच आहे व वैद्याची उंची १६५ सेंटिमीटर आहे असे मानू. उभे असता त्याचे कोपर सुमारे १०४ सेंटिमीटरवर येते. लिथॉटॉमी स्थितीत गुदप्रदेश टेबलाच्या कडेशी, जवळपास टेबलाच्याच उंचीवर असतो. म्हणजे उभ्या वैद्याचे कर्मस्थान कोपराच्या २४ सेंटिमीटर खाली जाते व त्याला कमरेतून वाकावेच लागते. आता त्याच टेबलावर अभ्यंग करावयाचे ठरवले तर टेबल ८० व देहाची जाडी सुमारे २० मिळून हात १०० सेंटिमीटरवर, जवळजवळ कोपराच्या पातळीवर येतात. अशा वेळी देहभाराचा उपयोग होत नाही. सारा जोर खांद्यांनी काढावा लागतो. तात्पर्य, ते टेबल उभ्याने करावयाच्या शल्यकर्मास ठेंगणे आणि अभ्यंगास उंच आहे. अभ्यंगासाठी ६० ते ६५ सेंटिमीटर उंचीची वेगळी द्रोणी असावी, हे यावरून सिद्ध होते.

शल्यकर्मासाठी उपाय बसण्याचा आहे. बसल्यावर कोपर बैठकीच्या सुमारे २२ सेंटिमीटर वर येते. साध्या ४५ सेंटिमीटरच्या स्टुलावर ते ६७ सेंटिमीटरवर राहते. ८० सेंटिमीटरवरील कर्मस्थान १३ सेंटिमीटर वर गेल्याने खांदे उचलावे लागतात. स्टूल ५० ते ५२ सेंटिमीटर उंच केल्यास कोपर ७२ ते ७४ सेंटिमीटरवर येते व अंतर योग्य राहते. मग पाय अधांतरी राहू नयेत म्हणून पायांखाली सहा ते आठ सेंटिमीटरचा लाकडी पाट ठेवावा. बुटक्या वैद्यांना, विशेषतः आपल्या अनेक भगिनींना, स्टूल आणखी दोन-तीन सेंटिमीटर वर व पाट जाड घ्यावा लागेल. टेबल एकच असले तरी प्रत्येकाने आपले माप स्वतंत्र काढावे. एकाने लावलेल्या स्टुलावर दुसऱ्याने तसेच बसू नये.

यासाठी मोठा खर्च येत नाही. दवाखान्यातील फिरते स्टूल बहुधा वरखाली होणारेच असते. पाठीस आधार असलेले, घट्ट व न डुगडुगणारे स्टूल हवे असल्यास ते कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात मापाने करून मिळते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तो आपल्याच तालुक्यात आहे. लोखंडी कामाचे कुशल कारागीर शोधण्यास पलूसकरांना दूर जावे लागत नाही.

रुग्णाची स्थिती, दृष्टी व प्रकाश

रुग्णाचा कटिभाग टेबलाच्या अगदी कडेपर्यंत आणला पाहिजे. तो दहा सेंटिमीटर आत राहिला तर तेवढेच वैद्याला पुढे झुकावे लागते. रुग्ण संकोचाने मागे सरकतो. म्हणून स्थिती देताना त्यास कारण समजावून सांगावे व कटीखाली घडी घातलेले वस्त्र द्यावे. नितंब चिकटपट्टीने बाजूस ताणून ठेवल्यास परिकर्मीचा हात मोकळा राहतो व त्याचीही पाठ वाचते. परिकर्मीस तासभर तिरके उभे करणे हे वैद्याच्या वाकण्याइतकेच अहितकर आहे.

मान वाकण्याचे निम्मे कारण अपुरा प्रकाश असते. खांद्यामागून येणारा प्रकाश वैद्याच्या स्वतःच्या मस्तकाने अडतो, आणि सावली टाळण्यासाठी तो आणखी पुढे झुकतो. कपाळावर बांधावयाचा दिवा दृष्टीच्या रेषेतच प्रकाश टाकतो. मात्र तो हलका असावा, अन्यथा मस्तकाचा भार वाढतो. चाळिशीनंतर जवळची दृष्टी मंदावते. ज्यांनी चष्मा टाळला आहे त्यांनी कर्माच्या अंतरासाठी नेत्रतपासणी करून घ्यावी. भिंग वापरणाऱ्यांनी त्याचा झुकाव असा निवडावा की मान वीस-पंचवीस अंशांपलीकडे वाकू नये.

पडद्यावर पाहून कर्म करणाऱ्या सहकाऱ्यांनी पडदा समोर व नेत्रपातळीच्या किंचित खाली ठेवावा. भिंतीवर उंच टांगलेला पडदा म्हणजे मन्यास्तंभाच्या हेतूंतील ऊर्ध्वनिरीक्षणच होय.

अन्य उपकर्मे

पादकंटकाचे अग्निकर्म करताना वैद्य उकिडवा बसतो. रुग्णास टेबलावर निजवून पाऊल कडेशी आणल्यास हे टळते. वाग्भटाचार्यांनी गुडघे वर करून फार वेळ बसू नये असे दिनचर्येत सांगितलेच आहे. जलौकावचारणात जलौका लागल्यावर वाकून पाहत राहण्याची गरज नसते. वैद्याने टेकून बसावे व मधूनमधून उठावे. यंत्रशस्त्रांत सैल झालेल्या चिमट्यास घट्ट धरावे लागते, बोथट कात्रीस जोर लावावा लागतो, आणि अतिघट्ट हातमोज्यांनी अंगठ्याचे स्नायू आखडतात. ही उपकरणे वर्षातून एकदा तपासून बाद करावीत.

कर्ममध्ये विश्राम

देह, वाणी व मन यांच्या चेष्टा श्रम होण्यापूर्वीच थांबवाव्यात, असा वाग्भटांचा उपदेश आहे. थकल्यावर विश्रांती घेणे आणि थकण्यापूर्वी घेणे यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेतील काही रुग्णालयांत ६६ शल्यविदांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रकर्म चालू असताना दर २० ते ४० मिनिटांनी सुमारे दीड ते दोन मिनिटे थांबून स्नायू ताणल्याने त्यांच्या वेदना कमी झाल्या आणि शस्त्रकर्माचा एकूण काळ वाढला नाही.

आपल्या छोट्या कर्मांत दोन रुग्णांमधील अवकाश याच कामी लावावा. निर्जंतुक हात छातीसमोर ठेवूनच पुढील क्रिया करता येतात. हनुवटी सरळ मागे घ्यावी, खांद्यांची पाती एकमेकांजवळ आणावीत, कमरेतून किंचित मागे झुकावे, टाचा उचलाव्यात व बोटे उघडझाप करावीत. प्रत्येक क्रिया पाच वेळा पुरे. दीर्घ कर्मापूर्वी मूत्रत्याग करून घ्यावा व लघु आहार घ्यावा. वेगधारण न करण्याचा उपदेश वैद्यालाही लागू आहे.

वैद्याची स्वतःची चिकित्सा

हेतूचा त्याग ही चिकित्सेची पहिली पायरी आहे. स्टुलाची उंची न बदलता केवळ कटिबस्ती घेत राहणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरत राहणे होय. हेतू दूर केल्यानंतर नित्य अभ्यंग व स्वेदन, ग्रीवेच्या तक्रारीत ग्रीवाबस्ती व नस्य, कटिग्रहात कटिबस्ती यांचा उपयोग होतो. कर्म, व्यायाम, भारवहन यांनी कृश झालेल्यांस चरकांनी मात्राबस्ती सांगितली आहे, आणि शल्यकर्म करणारा वैद्य या अधिकारात निश्चित बसतो. अर्धशक्ती व्यायामात पाठीच्या व उदराच्या स्नायूंचे बल वाढवणाऱ्या आसनांस अग्रक्रम द्यावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हातास बधिरता, पकड सैल होणे, बारीक गाठ मारताना अडखळणे, चालताना तोल जाणे अथवा मूत्रमलप्रवृत्तीत बदल ही लक्षणे असल्यास स्नेहस्वेदात काळ न दवडता मज्जारज्जूवरील दाबाची तपासणी, प्रसंगी एमआरआय, तत्काळ करून घ्यावी. वैद्य स्वतःचा व्याधी लपवतो, कारण 'स्वतःचीच मान दुखते तो आमची काय बरी करणार' या शब्दाची त्याला धास्ती असते. परंतु गुदवलींच्या संवरण स्नायूजवळ शस्त्र वा एषणी चालवणाऱ्या हाताची बधिरता ही वैद्याची खाजगी बाब राहत नाही. तेथे काही मिलिमीटरच्या चुकीचा भोग रुग्णास आयुष्यभर भोगावा लागतो.

उपसंहार

पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म हा क्रम आपण प्रथम वर्षापासून शिकतो. पूर्वकर्माच्या यादीत यंत्र, शस्त्र, क्षार, अग्नी, पिचू, प्लोत यांच्या पंक्तीस वैद्याच्या आसनालाही स्थान द्यावे, अशी आमची सूचना आहे. योग्यासूत्रीय अध्यायानुसार भोपळा, काकडी यांवर विद्यार्थ्यांचा हात बसवताना त्यांची बैठकही बसवावी. कारण वाकून शिकलेले कर्म जन्मभर वाकूनच केले जाते. संघटनेच्या शिबिरांतून क्षारसूत्राच्या प्रात्यक्षिकापूर्वी पाच मिनिटे प्रत्येकाच्या कोपराचे माप घेतले, तरी बरेच साधेल.

तालुक्याच्या गावी हे कर्म जाणणारे वैद्य थोडेच असतात. त्यांपैकी एकाची मान वा हात अकाली निकामी झाला, तर सूत्र घातलेल्या रुग्णास दर आठवड्यास सांगली-मिरजेचा रस्ता धरावा लागतो, किंवा तो उपचारच अर्धवट सोडतो. म्हणून वाचकांनी पुढील कर्मापूर्वी एक मोजपट्टी घ्यावी आणि आपले कोपर, आपले टेबल व आपले स्टूल या तीन उंची मोजून भिंतीवर लिहून ठेवाव्यात, ही नम्र विनंती.